शांत पाण्यातली साक्ष

कानकाकांच्या कानांत बघायला गेलं तर काही विशेष नव्हतं. जरा मोठे, कडेला केस उगवलेले, उजव्या पाळीवर लहानपणी गळ अडकल्याची खूण. पण त्या दोन कानांवर बंदरातल्या अकरा होड्यांच्या चुली पेटत होत्या, आणि यात फुगवून सांगितलेलं काही नाही. त्यांचं खरं नाव पत्र आणणाऱ्या पोस्टमनलाही विचारून घ्यावं लागे. शेंबड्या पोरापासून होडीमालकापर्यंत सगळे त्यांना कानकाका म्हणत, आणि बरोबरीचे तर नुसतंच कान म्हणत. “कान आला का? कानाला चहा द्या रे!” त्यांना त्यात कधी वावगं वाटलं नाही. माणूस त्याच्या कामावरून ओळखला गेला तर बिघडलं कुठे?

काम तसं जगावेगळंच होतं. तिथल्या समुद्रात करड्या रंगाचा, हातभर लांब असा एक मासा आहे आणि तो बोलतो. बोलतो म्हणजे पोटातली हवेची पिशवी थरथरवतो आणि कंगव्याच्या दातांवरून अंगठा फिरवावा तसा करकर आवाज काढतो. विणीच्या महिन्यांत, दिवस कलायला लागला की हे मासे हजारोंनी एका जागी जमतात आणि एकमेकांना हाका मारत राहतात. पाण्याबाहेरच्या माणसाला त्यातलं काहीही ऐकू येत नाही. त्यासाठी इंजिन बंद करायचं, वल्ह्याचं पातं पाण्यात सोडायचं, मुठीचं टोक कानामागच्या हाडाला टेकवायचं आणि श्वास धरून बसायचं. काका असे बसले की होडीत कोणी खोकतही नसे. मग डोळे न उघडताच ते बोट दाखवत. “शंभर वाव पुढे. डाव्या अंगाला. थवा मोठा आहे, पण अजून पांगलेला आहे. घाई करू नका.” घाई कोणी करत नसे. काकांनी बोट खाली केलं की जाळं पडे, आणि वर येताना ते चार माणसांना ओढवत नसे.

घरी मात्र या कानांची काही किंमत नव्हती. काकू बाजारात मासे विकत, आणि त्यांचा आवाज बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाई. “शंभर वावांवरचा मासा यांना ऐकू येतो,” त्या शेजारणीला सांगत, “आणि मी चार हातांवरून सांगते की पिंपात पाणी भरा, ते काही यांच्या कानापर्यंत पोचत नाही. मासोळी असते तर माझंही ऐकलं असतं.” काका मिशीतल्या मिशीत हसत आणि पिंप तसंच राही.

या कामाचा नियम एकच. पाणी ताटासारखं सपाट हवं. जरा लाट उठली की समुद्र स्वतःच बोलायला लागतो, होडीच्या फळ्यांवर थपडा बसतात, आणि वल्ह्यातून खळखळाटाशिवाय काही येत नाही. काकांचे वडीलही हेच काम करत, आणि त्यांनी पोराला पहिला धडा हाच दिला होता, की लाट असली तर कान घरी ठेवायचे. काकांनी तो धडा तीस वर्षं मोडला नाही. उधाणाच्या दिवशी ते ओट्यावर बसून फाटकी जाळी सांधत, किंवा सरळ तोंडावर पंचा टाकून झोपत.

सगळा घोटाळा या एका चांगल्या सवयीने केला.

लाटांपासून वीज करणारी कंपनी आली तेव्हा तिने आधी एकच यंत्र आणून उभं केलं. पिवळंधमक, एसटीएवढं लांब, तळाला साखळदंडांनी बांधलेलं, अर्धं पाण्यात आणि अर्धं वर. दुसऱ्याच दिवशी कोणीतरी त्याला म्हैस म्हणालं आणि ते नाव चिकटलं. लाट आली की म्हैस पुढून वर उठे, मागून खाली बसे, आणि तिच्या पोटातले दट्टे तेल ढकलून जनित्र फिरवत. धूर नाही, तेलाचा तवंग नाही. वाईट त्यात दिसण्यासारखं काही नव्हतंच. लोकांना धास्ती एकाच गोष्टीची होती. आपला मासा आवाजावर जगतो, आणि ही बया पाण्यात आवाज करणार असेल तर?

कंपनीकडून समुद्राची मोजणी करायला एक बाई आल्या होत्या. तरुण, उन्हाने नाक सोललेलं, स्वभावाने सरळ. सभेत त्या म्हणाल्या, “आमची उपकरणं सांगतील ते सांगतील, पण तुमच्याकडे ऐकणारा माणूस आहे म्हणे. त्यांनाच ऐकू द्या की.” हे सगळ्यांना पटलं. काकांना तर जरा जास्तच पटलं. तीस वर्षांत पहिल्यांदा शिकल्यासवरल्या माणसाने त्यांच्या कानाला सभेत मान दिला होता, आणि त्या दिवशी ते घरी आले ते छाती दोन बोटं पुढे काढून.

“कधी जाऊया?” बाईंनी विचारलं होतं.

“लाट उतरू दे,” काका म्हणाले होते. दिवस त्यांनीच ठरवला, त्यांनी स्वतः.

आठ दिवसांनी समुद्र निपचित पडला. काकांनी म्हशीच्या चारी बाजूंनी वल्हं सोडून तासभर ऐकलं. मासे नेहमीसारखे कलकलत होते, आणि म्हैस जागच्या जागी पडून होती, तिच्या पोटातून हूं की चूं नाही. दुसऱ्या दिवशी सभेत ते उभे राहिले आणि म्हणाले, “म्हैस गप्प आहे. मासे बोलतायत. काळजीचं कारण नाही.” बाईंनी ते लिहून घेतलं, काकांनी खाली सही केली, आणि काकांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, म्हणून मागोमाग अकरा होडीमालकांनीही केली. वर्षभरात एका म्हशीच्या बारा झाल्या.

लाटेवर चालणारं यंत्र लाट नसताना गप्पच बसणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. त्या सभेत दीडशे माणसं होती. एकाच्याही डोक्यात आलं नाही, कारण ऐकायचं म्हटलं की सपाट पाणी, हे सगळ्यांच्या हाडांत मुरलेलं होतं.

पहिल्या वर्षी मासे कमी झाले, तेव्हा लोक म्हणाले, होतं असं कधीकधी. दुसऱ्या वर्षी विणीचे महिने आले आणि काका वल्हं टेकवून बसले, तर खाली नुसतं पाणी होतं. त्यांनी जागा बदलली. पुन्हा बदलली. होडीतली माणसं आधी त्यांच्या तोंडाकडे बघत, मग एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. जाळी अंदाजाने पडायला लागली आणि तशीच हलकी वर यायला लागली. तीन होड्या दूरच्या पाण्यात जाऊ लागल्या, आठ-आठ दिवस परतत नसत.

आणि कंपनीचं पत्रक आलं की मासे वाढले आहेत. तेही खोटं नव्हतं. बाईंनी पाण्याखाली काढलेल्या चित्रांत साखळदंडांना शिंपल्यांचे थर लगडले होते, त्यांच्यावर लहान मासे आणि त्यांच्यामागे मोठे. पण ते मुके मासे होते, वेगळ्याच जातीचे, आणि म्हशींच्या भोवती अर्धा मैल होडी न्यायला बंदी. बोलका मासा त्या चित्रांत कुठेच नव्हता. लोकांनी त्यातून आपला अर्थ काढला. मासे आहेत, कंपनीच दाखवतेय, मग ऐकू का येत नाहीत? उत्तर सोपं होतं आणि ते हळूहळू बाजारभर झालं. कान गेला.

बाजारातलं बोलणं सगळ्यात आधी काकूंच्या कानावर यायचं. त्या घरी येऊन काही बोलल्या नाहीत, पण पिंपात पाणी भरायला सांगताना त्यांनी आवाज चढवला नाही. हळूच सांगून बघितलं. काका उठून पाणी भरायला गेले तेव्हा काकूंना हायसंही वाटलं आणि रडूही आलं.

खरी गोष्ट कळली ती भलत्याच वेळी. काकूंचा भाऊ, म्हणजे काकांचा मेहुणा, होडीमालक होता. भडक माणूस, पण अडीअडचणीला आधी धावणारा. एका सकाळी त्याचं जाळं वाहून गेलं आणि हात कमी पडत होते म्हणून त्याने काकांना सोबत घेतलं. समुद्राला चांगली लाट होती. जाळं सापडलं, पण ते ओढताना काकांची पाठ भरली आणि परतताना ते होडीच्या तळाशी आडवे झाले. मेहुण्याने मध्येच डिझेलची नळी झटकायला इंजिन बंद केलं. काकांचा कान उघड्या फळीला टेकलेला होता.

घूंऽऽ. मग थांबलं. लाट आली, होडी वर उचलली गेली. घूंऽऽ.

ते पाठीचं दुखणं विसरून उठून बसले. पुन्हा आडवे झाले, पुन्हा ऐकलं. लाटांच्या थपडा वर होत्या आणि त्यांच्या खालून हा आवाज येत होता, जाडजूड, सगळ्या पाण्यात भरून राहिलेला. बारा म्हशींच्या पोटातले दट्टे दर लाटेला एकदम दाबले जात होते. या आवाजात कुठला मासा कोणाला हाक मारणार आणि कोण ती ऐकणार? वर्षातले जेमतेम पन्नास-साठ दिवस समुद्र सपाट असतो. बाकीचे तीनशे दिवस खाली हेच चाललं होतं, आणि काका त्या तीनशे दिवसांत ओट्यावर पंचा तोंडावर घेऊन झोपले होते.

“काय झालं?” मेहुण्याने विचारलं. “भूत पाहिल्यासारखं काय करताय?”

काकांनी सांगितलं. मेहुण्याने नळी बसवली, इंजिन चालू केलं आणि होडी धक्क्याकडे वळवली.

त्याच महिन्यात बंदर कार्यालयाच्या फळ्यावर कागद लागला. आणखी चाळीस यंत्रं बसवायची आहेत, कोणाची हरकत असल्यास जाहीर सुनावणीत मांडावी. सोबत जोडलेल्या पुराव्यांत तिसऱ्या क्रमांकावर होती पारंपरिक श्रवणतज्ज्ञाची साक्ष. काकांना आधी कळलंच नाही की हे आपल्याबद्दल आहे.

मेहुणा त्या संध्याकाळी घरी आला. काकूंनी चहा टाकला.

“दाजी, मी सरळ बोलतो,” तो म्हणाला. “सुनावणीत उभे राहा आणि सांगा, माझं वय झालं, कान गेले, माझी साक्ष धरू नका. संपलं. कोणी तुम्हाला वाईट म्हणणार नाही. म्हातारपण काय कोणाला चुकलंय?”

“आणि आवाज?”

“आवाजाचं आम्ही बघू.”

“बहिऱ्याने सांगितलेला आवाज तुम्ही कसा बघणार?” काका म्हणाले. “मी बहिरा ठरलो की मासे तिथेच आहेत आणि मलाच ऐकू येत नाहीत, असं ठरतं. मग चाळीस काय, चारशे म्हशी बांधतील.”

“मग काय सांगणार? कान शाबूत होते आणि अक्कल नव्हती?” मेहुणा तडकला. “अकरा घरांनी तुमच्या शब्दावर सह्या केल्यात. माझ्या घराची त्यात आहे. म्हातारा झाला म्हणून लोक सोडून देतील. मूर्ख होता म्हणून कोणी सोडत नाही, दाजी!”

काकू मध्ये पडल्या नाहीत. एकीकडे नवरा, एकीकडे पाठचा भाऊ, आणि दोघंही खरं बोलत होते.

काकांना इकडे आड तिकडे विहीर झालं. त्यांनी एक गोष्ट कोणालाच सांगितली नाही. ते बस धरून शहरात कानाच्या डॉक्टरांकडे गेले. तिथे त्यांना गादीसारख्या भिंतींच्या खोलीत बसवलं, कानांवर दोन बोंडं चढवली आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. काका बसले होते ते मनातल्या मनात प्रार्थना करत, की आवाज येऊ नये. पण आवाज येत होता. सुईएवढा बारीक, तरी येत होता, आणि अंगठा सवयीने खोटं बोलायला तयार होईना. डॉक्टर कागद बघून खूश झाले. “या वयाला असे कान मी पाहिले नाहीत. नशीबवान आहात.” काकांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि बसस्टॉपवरच्या बाकावर ते पोरासारखे रडले. बहिरे असते तर सुटले असते.

सुनावणी बंदर कार्यालयाच्या लांबट खोलीत होती. घडीच्या खुर्च्या, छताला दोन पंखे, त्यातला एक बंद, आणि पुढे टेबलामागे अधिकारी. अधिकारी थकलेले होते, पण ऐकून घेणारे होते. मोजणीवाल्या बाई कडेला फायली घेऊन बसल्या होत्या. बाजारातल्या बायका उजवीकडे, त्यांत काकू. साक्ष वाचून दाखवली गेली. “म्हैस गप्प आहे. मासे बोलतायत.” तीन वर्षांपूर्वीचे आपलेच शब्द काकांना दुसऱ्याच कोणा शहाण्याचे वाटले.

ते उभे राहिले. ध्वनिक्षेपक त्यांनी हातात घेतला नाही.

“ती साक्ष माझी आहे आणि ती चूक आहे,” ते म्हणाले. “माझे कान चांगले आहेत. हा डॉक्टरांचा कागद. मी सपाट पाण्यात ऐकलं. लाटेचं यंत्र मी लाट नसताना ऐकलं. दिवस मीच निवडला होता. कंपनीने मला फसवलं नाही, कोणी दबाव आणला नाही. मूर्खपणा माझा. लाटेत ते यंत्र ओरडतं. मी ऐकलंय.”

मागून एकजण हसला. खुर्च्या करकरल्या. मेहुणा मान खाली घालून स्वतःच्या तळहाताकडे बघत होता.

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. “काका, माझी अडचण समजून घ्या. आधी तुम्ही म्हणालात आवाज नाही. आता म्हणता आहे. कान तेच. मी कुठल्या वेळचं धरू?”

“माझं काहीच धरू नका,” काका म्हणाले. “बाईंना विचारा. त्यांनी उपकरणाने मोजलंय.”

बाई उभ्या राहिल्या. “दोनदा मोजलं. दोन्ही वेळा आवाज मर्यादेच्या पुष्कळ खाली होता.”

“कुठल्या दिवशी, बाई?”

बाईंनी फाईल उघडली. पान उलटलं. मग मागचं पान बघितलं. त्यांच्या सोललेल्या नाकापासून कानांपर्यंत लाली चढत गेलेली पहिल्या रांगेतल्यांना दिसली. “उपकरण तळाशी पाणबुड्यांना न्यावं लागतं,” त्या हळू म्हणाल्या. “आणि लाट मीटरभराच्या वर असेल तर पाणबुड्यांना उतरवायचं नाही, असा सुरक्षेचा नियम आहे.”

“म्हणजे?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“म्हणजे दोन्ही वेळा समुद्र शांत होता.”

आता कुजबुज उठली. काकांना विजय झाल्यासारखं वाटायला हवं होतं, पण त्यांना त्या पोरीची कीव आली. एवढं शिकून, एवढी उपकरणं घेऊन तीसुद्धा त्यांच्याच खड्ड्यात पडली होती.

अधिकाऱ्यांनी बराच वेळ लिहिलं. मग म्हणाले, “मोजणी लाटेत व्हायला हवी, हे मला मान्य आहे. पाणबुडे नकोत, उपकरण दोरीने होडीतून सोडता येईल?”

“येईल,” बाई म्हणाल्या. “पण आमच्या बोटीला तेवढ्या लाटेत यंत्रांजवळ जायची परवानगी नाही. विमा नाकारतात.”

“मग गावातली होडी. बंदीच्या भागात जायचा परवाना मी देतो. महिन्याच्या आत. कोण नेणार?” त्यांनी मान वर करून खोलीभर बघितलं. “मोजणी झाली नाही, तर मला आहे त्या आकड्यांवरच निर्णय द्यावा लागेल. ते आकडे काय सांगतात ते तुम्ही ऐकलंत.”

काका वळले. अकराच्या अकरा मालक खोलीत होते. चढत्या लाटेत बारा साखळदंडांमध्ये लाकडी होडी नेणं म्हणजे काय, ते यांच्यापैकी प्रत्येकाला माहीत होतं. एक दोरी गुंतली, एक लाट आडवी आली, की होडी गेली आणि कदाचित माणसंही. तीस वर्षं या लोकांनी काकांच्या बोटाकडे बघून डोळे मिटून जाळी टाकली होती. काकांनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. एकाने नजर खिडकीकडे वळवली. एकाने खिशात काहीतरी शोधायला घेतलं. काकूंनी आपल्या भावाकडे बघितलं, सबंध खोलीला दिसेल असं बघितलं, आणि भाऊ तळहातावरून नजर उचलेना. त्याच्या दोन मुली होत्या आणि एकच होडी. काका त्याला दोष देऊ शकले नाहीत. त्यांच्या शब्दावर या माणसांनी एकदा सगळं पणाला लावून झालं होतं.

“कोणीच नाही?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“माझी होडी नाही,” काका म्हणाले. “ऐकणाऱ्याची कधी होडी नसते. पण दोरी सोडायला माणूस लागेल ना? माझं नाव लिहा.”

कारकुनाने अधिकाऱ्यांकडे बघितलं. अधिकाऱ्यांनी मान हलवली. कारकुनाने कोरा अर्ज पुढे ओढला, काकांना त्यांचं खरं नाव विचारलं, ते पहिल्या ओळीत लिहिलं, आणि होडीचा क्रमांक लिहायची जागा रिकामी सोडली.